उलटं पाऊल

दवाखान्याच्या व्हरांड्यात पाय पसरून बसलेल्या नातीला केसरबाईंनी ओढून भिंतीशी घेतलं. एवढ्या गर्दीत कुणी ओलांडून गेलं म्हणजे? आधीच आठ वर्षांची ईश्वरी पाचाची दिसत होती.

ओलांडलेल्या लेकराची वाढ खुंटते, हे काय सांगायला हवं? आणि तिला ओलांडलं होतं खुद्द केसरबाईंनीच. पोर वर्षाची होती. सोयगावच्या घरात दूध उतू चाललं म्हणून त्या धावल्या, अन् गडबडीत लगेच उलटं ओलांडायचं राहून गेलं. पुढं रोज पहाटे झोपल्या पोरीला उलट्या पावलानं ओलांडलं, पण गुण येईना. याची त्यांनी कुणाला खबर लागू दिली नव्हती.

आत डॉक्टर तनुजांनी रिपोर्ट उघडला. सून सायली केसरबाईंशेजारी बसली होती.

"आजी, उंची वाढवणारं हार्मोन कसं बनवायचं, हे लिहिलेलं जनुक अंगातल्या प्रत्येक पेशीत असतं. पण सगळीकडे ते मिटलेलं राहतं. मेंदूखालच्या हरभऱ्याएवढ्या ग्रंथीतच एक प्रथिन त्याला उघडतं. ईश्वरीचं जनुक ठणठणीत आहे, उघडणारं प्रथिनच अधू आहे. जन्मापासून."

"जल्मापासून?" केसरबाई पुढं सरकल्या. "वर्षाची झाल्यावर नाय ना बिघडलं?"

"आईच्या पोटातच. आता रोज हार्मोनची सुई द्यायची, सोबत एक गोळी. वाढेल पोर."

केसरबाईंना रडू आवरेना. त्यांनी डॉक्टरांचे हात कपाळाला लावले.

"बाई, तुमचं लई भलं होवो. उरावरचा धोंडा उतरवला तुम्ही."

बाहेर आल्यावर त्यांना राहवेना.

"सायली, एक सांगते, रागावू नको..."

"दूध उतू गेलं त्या दिवसाचं ना?" ईश्वरीच्या चपलेचा पट्टा लावत सायली म्हणाली. "मी दारातच व्हते, आई."

सात वर्षं! 'आईच बुटकी, पोर कुठून वाढायची' असं भावकी सुनेला तोंडावर बोलायची, अन् ही खाली मान घालून ऐकायची.

"मग बोलली का नाय गं कधी?"

"काय बोलायचं? पहाटं तुम्ही उठता ते दिसायचं की." सायली ओशाळं हसली. "अंधारात तुमचा पाय अडखळू नये म्हणून झोपताना पोरीजवळचं सगळं सामान उचलून ठेवायची मी."

डॉक्टरांपुढं सहज पुढे झालेले हात आता सुनेपुढं केसरबाईंना उचलेनात. भर व्हरांड्यात त्यांनी सुनेच्या खांद्यावर डोकं टेकवलं.