तोरूची सवय

तोरू पुन्हा थांबला. या वेळी काचिकेच्या फाटकापाशी.

"चल ना, गाढवा!" सागिनालीने टाच मारली. घोडा ढिम्म हलेना. कुठे थांबायचं हे त्याला मालकापेक्षा पक्कं ठाऊक होतं.

काचिके हसतच बाहेर आला. "बघ, घोड्याला माझी आठवण येते, तुला नाही! उतर की. नातवाच्या समारंभाला काय कोरड्या घशाने जाणार?"

"नको रे. लेकीला शब्द दिलाय."

"एका पेल्याने शब्द मोडतो होय?"

मोडायचा. सागिनाली रोज पिणाऱ्यातला नव्हताच. महिनोन्महिने व्होडकाचं नाव काढायचा नाही; मग कुणाकडे लग्नकार्य निघालं, की बसला तो आठवडाभर उठायचा नाही. गावातले निम्मे पुरुष असेच, म्हणून कुणी कुणाला दारुडा म्हणत नसे. लेकीची, जीपारची पाठवणी झाली तेव्हा बाप याच काचिकेच्या घरात लोळत पडला होता.

यंदाचा अख्खा हिवाळा तो वर डोंगरात मेंढ्यांपाशी राहिला. थेंबाला शिवला नाही. काळी-पांढरी लोकर वळून त्याने नातवासाठी दोर केला. रीतच तशी: नुकत्याच चालू लागलेल्या पोराच्या पायांना दोर बांधायचा, मुलांनी धावत यायचं, पहिला येईल त्याने कापायचा. मग पोर जन्मभर अडखळत नाही. "शुद्धीत या," जीपार फोनवर म्हणाली होती. "नाही आलात तरी अडणार नाही. शेजारणीचा दोर आणून ठेवलाय." ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

तो खाली उतरला आणि लगाम धरून घोड्याला ओढत निघाला. काचिके मागून ओरडला, "अरे, कोण कुणाला नेतंय?" गल्ली हसली. सागिनालीही हसला, पण थांबला नाही. गल्लीच्या टोकाला तो पुन्हा खोगिरावर चढला.

जीपार फाटकात उभी होती, कडेवर पोर. बापाला ताठ बसलेला पाहून तिचा चेहरा फुलला.

आणि तोरू फाटकावरून सरळ पुढे चालू लागला. पुलाजवळच्या दारूच्या दुकानाकडे. आजवर इथून तो तिकडेच गेला होता.

जीपारचं हसू मावळलं.

सागिनालीने लगाम खेचला, जवळजवळ पडतच उतरला. टोपी काढली, कोटातून दोर काढून पुढे धरला. मग लहान पोरासारखा तोंड उघडून त्याने तिच्यासमोर श्वास सोडला.

"त्याचं चुकलं नाही गं," तो म्हणाला. "मीच इथे कधी उतरलो नाही."

जीपारचे डोळे भरून आले. पोर तिने बापाच्या हातात दिलं, त्याच्याकडचा दोर घेतला. मग खिशातला शेजारणीचा दोर काढून तोरूचा लगाम खांबाला बांधला.

"शिकेल," ती म्हणाली. "तुम्ही येत राहा, बाबा."

गाठ पक्की बसली का, तिने दोनदा ओढून पाहिलं.