कंपनीच्या टेपचे चार आकडे

म्हसोबाची आन घेते. पाटाच्या पान्यात उभी करून इचारलं तरी हेच सांगीन, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटं निघालं तर उद्यापासून मला अळनी जेवायला घाला. शेजारची केशरबाई म्हनंल, रतनबाईचं, म्हंजे माझं, काय मनावर घेताय. केशरबाईचं ऐकू नका. तिला म्हशीतलं कळत न्हाई, टेपातलं काय कळनार.

तर आमच्या रामनं, धाकट्यानं, गाडीतला कंपनीचा टेप काढून नवा बसवायचं डोक्यात घेतलं. गाडी थोरल्यानं, कल्याणनं घेतलेली. चाकणला कामाला लागला आन् तिसऱ्या वर्षी गाडी आनून दारात उभी केली. म्हनला, "आण्णा, आता मोटरसायकल बास." आण्णा म्हंजे आमचे मालक. पोरं म्हनायची म्हनून मीबी त्यांना आण्णाच म्हनायचे.

आण्णांना जाऊन चार वर्सं झाली. कल्याणनं उंबऱ्याला पाय लावला न्हाई त्यालाबी चारच झाली. त्या दिवशी तो चाकणहून निघाला आन् शिक्रापूरपाशी गाड्यांच्या रांगेत अडकला. हिकडं दिवस बुडायला आला. अग्नी द्यायचा मान थोरल्याचा, पन दिला रामनं. कल्याण पोचला तवा चिता निम्मी झाली हुती. तो रामला एवढंच म्हनला, "अर्धा तास थांबला न्हाईस." राम खाली मान घालून उभा. तवापासून दोघांचं बोलनं बंद. मला मातर दर रविवारी फोन करतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का. कवा येतो म्हनलं की म्हनतो, "आई, रेंज जातीय." चाकणात रेंज जाती व्हय?

आमी केडगावला गेलो. तिथं कानिफनाथचं गाड्यांना टेप बसवायचं दुकान हाय. मी मागं लागूनच गेले, घरात बसून काय दिसतं.

"मावशी, कंपनीचा आवाज म्हंजे डबीत कोंडलेली माशी," कानिफनाथ म्हनला. "आता ऐका माझा."

त्यानं समोरची पट्टी काढली आन् जुना टेप वायरींसकट ओढला, मुळ्याची जुडी उपटावी तसा. त्या जागी ताटाएवढी स्क्रीन बसवली. मागं डिकीत वुफर ठेवला, आमच्या कोठीएवढा. आन् लावला. दुकानापुढच्या झाडाच्या चिंचा सगळ्या एकदम खाली. भिंगारला तोफ उडाली म्हनून मिलिट्रीवाले रांगेत उभे राहिले, हे मला तिथल्याच भाजीवालीनं सांगितलं. राहुरीकडं धरनाचं पानी हाललं. घरी आलो, रामनं परत एकदा वाजवलं, तर म्हशीनं दुधाऐवजी सरळ दहीच दिलं. आमची सून सविता आठ दिवस इरजन लावायची इसरून गेली.

पन मला सांगायचंय ते येगळंच हाय. जुना टेप रामच्या हातात देताना कानिफनाथ म्हनला, "टाकू नका. टॅक्टरला लावा, चालंल. पन एक हाय, बॅटरीची वायर तुटली की हा टेप मालकाला वळखत न्हाई. चार आकड्यांचा कोड मागतो. गाडीच्या कागदात कार्ड असंल बघा. चुकीचे आकडे तीनदा टाकले तर कुलूप पडतं."

"कोड कोनाला ठाव असनार?" रामनं इचारलं.

"ज्यानं गाडी घेतली त्याला."

मी कान टवकारले. घरी आल्या आल्या सविता चुलीपुढं आन् राम गाडीपुढं, तेवढ्यात मी पत्र्याच्या पेटीतले गाडीचे कागद काढले. कार्ड हुतं. ते बाजरीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून खुपसलं आन् बाहेर येऊन म्हनले, "रामा, हा टेप टॅक्टरला लाव बाबा. आण्णा ह्यावर बाजारभाव ऐकायचे. मला ऐकायचाय."

बिचाऱ्यानं लावला. टेपवर आकडे मागायची लाईट लागली. कार्ड शोधलं, सापडलं न्हाई. गाडीचा नंबर टाकला, चुकला. आण्णांच्या जन्माचं साल टाकलं, तेबी चुकलं. ते तर आण्णांनाच ठाव नव्हतं.

"आता हात लावू नका," सविता म्हनली. "एकच राहिलाय."

"शोरूमला कागद घेऊन जातो," राम म्हनला. "त्ये काढून देतील."

"तवर मी राहते का न्हाई कुनाला ठाव," मी म्हनले आन् जेवन सोडलं. दोन दिवस अन्नाला शिवले न्हाई. सविता पदराखालून शेंगदान्याचा लाडू द्यायची, पन लाडू काय अन्नात धरत न्हाईत.

दुसऱ्या दिवशी दुपारी राम माझ्या बाजेवर येऊन बसला. "आई, टेपासाठी मरतीस का?"

"दादाला इचार की आकडे."

"तू इचार. तुझ्यासंगं बोलतो तो."

"मला फोनवर आकडे कळत न्हाईत. सात म्हनला की साठ ऐकू येतं. मग पडंल कुलूप."

राम लई येळ पायानं माती उकरत बसला. मग उठला, टॅक्टरवर चढला, तिथं बसून फोन लावला. स्पीकर चालू ठेव म्हनले, ठेवला. सविता दारात भांडं घेऊन उभी, घासायची थांबलेली.

"हालो," कल्याणचा आवाज.

"मी राम."

तिकडनं मशीनचा आवाज येत हुता.

"आईला काय झालं?"

"काय न्हाई झालं. त्यो गाडीचा टेप. कोड पायजे हुता."

"टेपाचा?"

"टॅक्टरला लावलाय. आई रुसून बसलीय, जेवत न्हाई."

"खरंच जेवत न्हाई का लाडू खाती?"

"लाडू खाती," राम म्हनला. चार वर्सांत पयल्यांदा त्याला हसताना तोंड फिरवावं लागलं. मला राग आला.

"लिव्ह. चार. सात. एक. नऊ."

"पाठ हाय तुला?"

"आण्णांनी करून घेतला हुता. कार्ड हारपलं तर म्हनून."

रामनं आकडे दाबले. टेप खरखरला आन् बोलायला लागला. कोनतरी बाई कांद्याचा भाव सांगत हुती. कोन ऐकतंय.

"लागला," राम म्हनला.

"बरं."

"दादा."

"हं."

"काय न्हाई. ठेवू?"

"आईला दे."

रामनं स्पीकर बंद करून फोन माझ्या हातात दिला. मी तो कानाला लावून गोठ्याकडं गेले. आन् चार वर्सं जे पोटात धरलं हुतं ते तिथं म्हशीपाशी उभं राहून सांगितलं. म्हनले, "कल्याण, त्या दिवशी राम थांबायलाच बसला हुता. दादा आल्याबिगर उचलायचं न्हाई म्हनत हुता. मी म्हनले, उरका. आण्णांचं तोंड तसं झाकलेलं मला बघवंना. राम माझं नाव घेईना आन् मी तोंड उघडंना."

तिकडून म्हनला, "आई, दिवाळीला येतो."

मी अंगनात आले. राम टॅक्टरवरून उतरला न्हाई, स्टेअरिंग धरून माझ्या तोंडाकडं बघत हुता. "काय म्हनला दादा?"

"दिवाळीला येतो म्हनला."

त्यानं टेपचा आवाज बंद केला. परत सांग म्हनला. मी परत सांगितलं.

तवापासून घरात नुसती घाई. पुढच्या खोलीला रामनं रंग दिलाय. कल्याणची गादी तीन दिवस उन्हात हाय. सविताला म्हनतो, दादाला शेवेचं लई येड, जास्तीची कर. काल गाडी धुताना एकटाच वुफर लावून बघत हुता, दादाला आवडंल का जास्त हुईल म्हनून.

तर असं हे. बाकी सगळं, म्हशीसकट, खरं हाय. एवढं एकच मी जोडलंय. कल्याण येतो म्हनला न्हाई. माझं बोलनं झाल्यावर नुसतं "बरं" म्हनला आन् फोन ठिवला. पन रामचं तसं तोंड बघितलं आन् माझ्या तोंडातून निघून गेलं.

दिवाळीला अकरा दिवस हायेत. मधी एक रविवार पडतो. त्या दिवशी त्याचा फोन आला की पयलं त्याला सांगायचंय, तू येतो म्हनलायस.