आईच्या गाडीचं एक चाक

आमची रोडस्टर पहिल्यांदा सुरू झाली, तेव्हा शेजारच्या पॉलीनचं मांजर कुंपणावरून थेट तिच्या छोट्या तळ्यात पडलं. आणि मी इतक्या जोरात किंचाळले की बाबांना वाटलं, माझा हात इंजिनच्या पंख्यात गेला.

"शाल्मली! हात आहेत ना दोन्ही?"

"आहेत हो! बाबा, ऐकताय ना तुम्ही? ऐका तिला!"

न ऐकून सांगतात कुणाला. आठ सिलिंडरचं इंजिन कानांनी नाही, पोटानं ऐकू येतं.

ही गाडी बाबांनी बांधायला घेतली, तेव्हा मी प्रायमरीत होते. एका जुन्या फोर्डची बॉडी, १९३४ची. छप्पर नाही, मडगार्ड नाहीत. पुढे रोव्हरचं इंजिन, मागे फोर्डच्याच कॅप्री गाडीचा अॅक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, आणि मागची चाकं अशी रुंद की एकेक म्हणजे आडवा ठेवलेला ढोल. आठवडाभर बाबा रीडिंग शहरातल्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि वीकेंडला घराच्या मागच्या गॅरेजात गाडीखाली आडवे. मग त्यांची पाठ गेली. ऑपरेशन झालं, आणि गाडीवर चादर पडली.

चादर काढली मी. शाळेच्या वर्क एक्स्पीरियन्सला वर्गातल्या मुली सलूनमध्ये गेल्या, मी एका गॅरेजात गेले. पहिल्या दिवशी मी चहाला दूध हवं का हेसुद्धा पुटपुटत विचारलं. शेवटच्या दिवशी एका सुटाबुटातल्या गृहस्थांना तोंडावर सांगितलं, "तुमचे ब्रेक संपलेत, आज गाडी मिळणार नाही." आणि ते चक्क बसून राहिले! घरी येऊन मी डांगरी उतरवलीच नाही.

पण आईला गाडी घरात नको होती. आई मुलांच्या वॉर्डात डॉक्टर आहे, आरडाओरडा करत नाही, निदान करते. "श्रीकांत, तुझी पाठ त्या डब्यापायी गेली. मला तो जायला हवाय." बाबा मान खाली घालून हो म्हणाले. साउथहॅम्प्टनचा टेरी नावाचा माणूस रविवारी दुपारी येऊन इंजिन आणि अॅक्सल काढून नेणार, उरलेलं भंगारात, असं ठरलं.

मी म्हटलं, नाही. तो इंजिनाला हात लावायच्या आत गाडी स्वतःच्या इंजिनवर घरासमोर आली, तर विकायची नाही.

"आणि नाही आली तर?" आईनं विचारलं.

"तर मी एक शब्द बोलणार नाही."

"हे मात्र बघायला आवडेल मला," आई म्हणाली. सौदा पक्का.

तर रविवार. इंजिन धडधडतंय, मी स्टिअरिंगमागे, बाबा पुढे उलटे चालत हातवारे करतायत. गॅरेजातून बाहेर आलो. आता फक्त आमची भिंत आणि पॉलीनची भिंत यांच्यामधला बोळ, की आलंच घरासमोर. पुढची चाकं बारीक, ती आरामात गेली. मग मागून खर्रकन आवाज.

"थांब, थांब, थांब!"

आमच्या भिंतीवर गॅसच्या मीटरचा डबा आहे. मागचं चाक त्याच्यावर टेकलं होतं, आणि दुसरं पॉलीनच्या भिंतीला. बाबांनी एकदा बोळाकडे पाहिलं, एकदा चाकाकडे.

"शाल्मली," ते हळूच म्हणाले, "ही चाकं मी गॅरेजात बसवली. बोळ मोजलाच नाही."

ते स्वयंपाकघराच्या पायरीवर बसले. मी गाडी मागे घेऊन बंद केली. तेवढ्यात समोर व्हॅन थांबल्याचा आवाज आला. टेरी. लवकर.

"जाऊ दे गं," बाबा म्हणाले. "निदान सुरू तरी झाली."

पूर्वीची मी असते, तर वर जाऊन उशीत रडले असते. पण मी बोळातून तिरकी होऊन पुढे पळाले. तिथे आईची फिएस्टा उभी होती. फोर्ड! चाकाला चार नट, कॅप्रीसारखेच! आणि त्या गॅरेजात जुन्या फोर्डांची चाकं मी इतकी इकडून तिकडे उचलली होती की कुठलं कशावर बसतं ते मला झोपेत विचारा.

आई दारात आली. टेरी व्हॅनला टेकून सँडविच खात होता.

"आई, तुझं स्पेअर व्हील दे."

"स्टेपनी? घे की."

"आणि एक लावलेलं चाक."

"काय?" आईनं आवाज चढवला नाही, पण भुवया चढल्या. "दोन वाजता ड्यूटी आहे माझी. वॉर्डात काय सांगू, मुलीनं चाक पळवलं?"

"तुझ्या ड्यूटीच्या आत परत लावून देईन. मी स्वतः. तपासून."

"म्हणजे जी गाडी मला नकोय, तिच्यासाठी मी माझं चाक काढून देऊ?"

"हो."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग बोळातून मागे, पायरीवर बसलेल्या बाबांकडे.

"त्या गाडीखाली कोण जाणार यापुढे?"

"मी. फक्त मी. बाबा स्टुलावर बसून सूचना देतील."

"त्या तो देईलच." तिनं खिशातून किल्ली काढली. "नीट लाव. माझा जीव आहे त्या चाकावर."

ढोलासारखी चाकं उतरवताना माझे गुडघे फुटले. शेवटचा नट हटेना, तेव्हा मी पान्यावर उभी राहून अक्षरशः उड्या मारल्या. टेरी ओरडला, "मी येऊ का मदतीला?" मी म्हटलं, "नको, थँक्स! तुम्ही जेवा!" फिएस्टाची काटकुळी चाकं बसली. एकावर तर करड्या प्लॅस्टिकची झाकणीही होती.

मी इंजिन चालू केलं. मीटरच्या डब्यापाशी मी इंचाइंचानं पुढे सरकले. मग डबा मागे गेला, बोळ मागे गेला, आणि एकदम ऊन आलं डोळ्यांवर.

टेरी सँडविच चघळायचं विसरला. गाडीभोवती फेरी मारून म्हणाला, "असली हॉट रॉड गाडी आयुष्यात पाहिली नाही. पुढून राक्षस, मागून शॉपिंगला निघालेली!" मग बाबांकडे वळला. "विकायची आहे ना अजून?"

बाबांनी आईकडे पाहिलं.

"नाही," आई म्हणाली. "सॉरी, तुम्हाला फेरी पडली. चहा घेणार?" आणि तेवढ्याच शांतपणे, "शाल्मली, माझं चाक."

मी पाना उचलला. बाबाही जॅककडे वाकायला लागले.

"सरळ उभा राहा!" आई आणि "बाबा, स्टूल!" मी, दोघी एकदमच ओरडलो.