साहेबांची खुर्ची

"उठा. बाहेर गाडी उभी आहे," साहेब म्हणाले.

"अजून चाळीस मिनिटं आहेत," थोरली म्हणाली आणि तिने डब्यातला पुढचा घास उचलला. ती बसली होती ती खुर्ची साहेबांची होती. साहेब उभे होते.

वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या या सात जणांच्या कारखान्यात नियम एकच. विणलेल्या खुर्चीवर विणणाऱ्याने तासभर बसायचं, मगच ती गिऱ्हाइकाला द्यायची. वीण कुठे सैल आहे, कुठला सांधा बोलतोय, हे डोळ्यांना दिसत नाही, बसणाऱ्याला कळतं. जेवणाची सुट्टी त्याच कामी यायची.

साहेब सामाजिक उपक्रमांच्या विकासाला साहाय्य करणाऱ्या सरकारी खात्यात होते. खात्याने वर्षभरात या कारखान्याला केलेलं साहाय्य म्हणजे दुरुस्तीला धाडलेली ही एक मोडकी खुर्ची. थोरली त्या कचेरीत अकरा वेळा गेली आणि अकराही वेळा उभी राहिली. खुर्च्या विणणारीला बसायला खुर्ची द्यावी, असा शासन निर्णय अजून निघाला नव्हता.

सामूहिक उपक्रम म्हणून मान्यता मिळवायच्या अर्जात 'मालकाचे नाव' असा बोटभर रकाना होता.

"मालक कोण तुमच्यात?" साहेबांनी तेव्हा विचारलं होतं.

"सातही जण."

"रकाना एकच आहे, बाई."

सात नावं मुंगीच्या अक्षरात बसवली, तर अर्ज 'अवाचनीय' म्हणून परत आला. एकच नाव लिहिलं, तर 'हा सामूहिक उपक्रम वाटत नाही' असा शेरा. शेरा मात्र अगदी सुवाच्य होता.

आज पाचपर्यंत मान्यतेच्या कागदावर सही झाली, तरच नगरपालिकेची ही शेड त्यांच्याकडे राहणार होती. कागद फायलीत होता आणि फाईल साहेबांच्या काखेत.

"तीन वाजता मंत्री येताहेत. त्यांच्यासमोर मी काय स्टुलावर बसू?"

"जाऊबाई तर अकरा वेळा उभ्या राहिल्यात," कोपऱ्यातून धाकटी म्हणाली. थोरलीची ही जाऊ वेत सोलता सोलता माणसंही सोलायची.

साहेबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. "सही हवी आहे ना? मग खुर्ची आत्ता द्या. गाडीत बसल्या बसल्या सही करतो. नाहीतर आज मला वेळ नाही."

धाकटीचा सूर एकदम उतरला. "जाऊबाई, उठा हो. एक दिवस नियम मोडला म्हणून काय आभाळ कोसळतं?"

थोरलीने डबा बंद केला. हात टेकून ती उठणार, तोच खालून 'टक्' असा बारीक आवाज आला. मागचा डावा पाय. सुतारकाकांनी मान खाली घातली. तो सांधा त्यांनी बसवला होता.

"आता काय?" साहेब म्हणाले. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

"देऊन टाक," काका वाकून थोरलीच्या कानाशी पुटपुटले. "सही घे. मंत्र्यांपुढे मोडली तर त्यांचीही करमणूक."

थोरलीच्या डोळ्यांपुढे साहेब उताणे, पाय वर, असे दिसले. दृश्य देखणं होतं. वर सहीही मिळत होती. ती क्षणभर मनापासून हसली.

"काका, पाचर आणा," ती म्हणाली. "आणि साहेब, पाय निघालाय. ठोकला की पुन्हा पहिल्यापासून तासभर. पावणेतीनला तुमच्या टेबलाशी खुर्ची पोचेल."

"तुमच्यासारख्यांचा विकास करायचा म्हणजे..." साहेबांनी वाक्य पुरं केलं नाही. फाईल घेऊन ते गाडीत बसले.

पावणेतीनला थोरलीने डोक्यावरून खुर्ची नेऊन पोचवली. मंत्री आले, सामूहिक उपक्रमांचं कौतुक करून गेले. साडेचारला साहेबांनी कागद पुढे ओढला आणि लिहिलं, 'अर्जदार सहकार्य करीत नाहीत. अमान्य.' समोर थोरली बाराव्यांदा उभी होती.

"जरा टेकून बसा, साहेब," ती म्हणाली.

साहेब वैतागून धाडकन मागे रेलले. थोरली मान तिरकी करून ऐकत राहिली. खुर्चीने हूं की चूं केलं नाही.

मग तिने कागद उचलला आणि शेड रिकामी करायला गेली.