दोन तिकोनी काचा

गाडीची सगळ्यात बारकी काच सगळ्यात स्वस्त असते, असं विट्यात लहानथोर सगळेच मानतात. हे ज्ञान त्यांना कुणी दिलं ते विचारायची सोय नाही. पण त्या ज्ञानापायीच हंबीररावांच्या गाडीच्या दोन काचा गेल्या.

हंबीरराव विट्याजवळच्याच खेड्यातले. सोनं गाळायच्या धंद्यात चौदाव्या वर्षी कोइमतूरला गेले आणि तिकडंच त्यांनी बस्तान बसवलं. यंदा गावच्या जत्रेला ते लांबलचक, काळीभोर, परदेशी बनावटीची गाडी घेऊन आले. दुसऱ्याच दिवशी त्यांची चार वर्षांची नात शिवांजली किल्ली घेऊन गाडीत जाऊन बसली आणि दारं आतून बंद झाली. बाहेर टळटळीत ऊन, आत पोर, आणि भोवती शंभर माणसांचे शंभर सल्ले. कुणीतरी म्हणालं, "दाराची काच म्हाग असती. ती मागची बारकी तिकोनी फोडा."

मागच्या दाराच्याही मागं असलेली, कधीच न उघडणारी, वीतभर रुंद काच ती. तिच्यावर धोंडा घातला. काच खडीसाखरेसारखी सांडली, पण हात काही कुलपापर्यंत पोचेना. मग तिकडून पोचेल म्हणून दुसऱ्या अंगाचीही फोडली. हा गलका कशाचा म्हणून घाबरलेल्या शिवांजलीनं हातातल्या किल्लीचं बटण दाबलं, चारी दारं खटकन मोकळी झाली, आणि ती आपल्या पायांनी उतरून आजीकडं गेली. नंतर समजलं की ती बारकी काच दाराच्या काचेच्या दुप्पट महाग असते आणि मुंबईहून मागवावी लागते.

काचा मुंबईहून साताऱ्याला आणि साताऱ्याहून विट्याला यायला तेरा दिवस लागले. त्या बसवायच्या कुणी, याबद्दल मात्र गावात दुमत नव्हतं. कराड रस्त्यावरच्या हाफिज शिकलगारनं.

हाफिजभाई एकसष्ट वर्षांचे. त्यातली चाळीस वर्षं त्यांनी काचा बसवण्यात घालवली होती. ट्रकची समोरची काच रबरात दोरी घालून ते अशी बसवायचे की बघणारा चहा प्यायचा विसरावा. आडनावच शिकलगार, पात्याला धार लावणं घराण्यातलंच, त्यामुळं त्यांच्या हातातली खरवडायची पट्टी वस्तऱ्यासारखी चालायची. आणि माणूस स्वच्छतेचा असा वेडा की घरातली चहाची गाळणी बायकोनं धुतल्यावर हे परत धुणार. "आजवर एक गिऱ्हाईक तक्रार घिऊन आलं न्हाई," हे त्यांचं वाक्य. दिवसातून दोनदा तरी ते ऐकायला मिळायचं, आणि खोटं म्हणायला कुणाला जागाही नव्हती.

त्यांची मुलगी अकिला चार वर्षं चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांना काचा बसवायच्या कामावर होती. कंत्राट संपल्यावर आठ महिन्यांपूर्वी ती घरी परत आली. तेव्हापासून दुकानात फोन उचलणं आणि बिलं लिहिणं हे तिचं काम. काचेला हात लावायचा प्रसंग आला की अब्बा म्हणायचे, "ऱ्हाऊ दे बेटा, हात कापंल." चाकणला तिच्या हाताखालून दिवसाला किती काचा गेल्या, हा हिशेब त्यांनी कधी विचारला नाही.

गाडी दुकानापुढं लागली. हाफिजभाईंनी काचेचे तुकडे वेचले, आतलं अस्तर सोडवलं आणि डाव्या खिडकीच्या चौकटीला लागले. नव्या गाड्यांच्या अशा काचा रबरात बसत नाहीत, त्या काळ्या गमानं थेट पत्र्याला चिकटवतात. जुन्या काचेचा गम चौकटीवर बोटभर जाडीचा राहिला होता. हाफिजभाईंनी पट्टी घेतली आणि तो पार पत्र्यापर्यंत खरवडून काढला. पत्रा चांदीसारखा लख्ख दिसायला लागला तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं. मग ते दुपारच्या, जुहरच्या नमाजाला गेले.

परत येऊन बघतात तर उजव्या खिडकीशी अकिला. तिनं जुना गम वरवर तासून सपाट केला होता आणि नखाएवढा थर तसाच ठेवला होता.

"ही घान कुनासाठी ठिवली?" त्यांनी विचारलं.

"अब्बा, घान न्हाई ती. नवा गम जुन्या गमाला जसा धरतो तसा उघड्या पत्र्याला धरत न्हाई. कारखान्यात आमाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. तुमच्या बाजूला गम धरायला निदान प्रायमर तरी लावा."

"सवच्छ पत्र्याला रंग फासायचा? भांडं घासायचं आन् वर राख लावायची व्हय?"

"भांडं येगळं, गाडी येगळी."

हे सगळं हंबीररावांच्या समोर चाललं होतं. ते खुर्चीत बसून उसाचा रस पीत होते आणि त्यांना गंमत वाटत होती. गिऱ्हाइकासमोर पोरीनं शिकवावं हे हाफिजभाईंना झोंबलं. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. हाफिजभाई शहाणे होते, पण त्या दिवशी नव्हते.

"बरं," ते म्हणाले. "उजवी तुझी, डावी माझी. हंबीरराव, उद्या तुमच्या म्होरं पानी मारू. माझ्या काचंतनं एक थेंब जरी आत आला, तर हाफिज शिकलगार परत काचंला हात लावनार न्हाई."

"आवं, कशाला असलं बोलताय," हंबीरराव म्हणाले, पण बोलून झालं होतं. शेजारच्या पंक्चरवाल्यानं ऐकलं होतं, रसवाल्यानं ऐकलं होतं. विट्यात एवढं पुरतं.

दोन्ही काचा बसल्या. दोघांनीही गमाची रेघ सारखीच ओढली, काच टेकवली, वरून चिकटपट्ट्या लावल्या. दारं आपटायची नाहीत, दाराच्या काचा दोन बोटं उघड्या ठेवायच्या, आणि गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत जागची हलवायची नाही, असं हंबीररावांना बजावलं. उद्या चारला येतो म्हणून ते रिक्षानं गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता हाफिजभाई म्हणाले, "ते यायच्या आधी आपन एकदा बघून घिऊ." ते गाडीत मागं जाऊन बसले. अकिलानं बाहेरून पाइप धरला. आधी उजवी बाजू. ते काचेच्या कडेनं बोट फिरवत राहिले. कोरडी ठणठणीत. मग डावी. वरची कड कोरडी, पुढची कोरडी. खालच्या कोपऱ्यात बोट गेलं आणि गार लागलं.

त्यांनी बोट पुसलं आणि परत लावलं. परत ओलं झालं. अंगठ्यानं काच जराशी बाहेर दाबली, तर कोपरा कागद सुटावा तसा पत्र्यापासून सुटला आणि पाण्याची बारीक धार चौकटीवरून आत उतरली. गम काचेला घट्ट होता. लख्ख घासलेल्या पत्र्यानंच त्याला धरलं नव्हतं.

"अब्बा, कोरडं हाय न्हवं?" बाहेरून अकिलानं विचारलं. काच गडद होती, तिला आतलं काही दिसत नव्हतं.

हाफिजभाईंना लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग एक युक्तीही सुचली. पायाशी ठेवलेल्या हत्यारांच्या पेटीत सिलिकॉनची नळी होती. आतल्या कोपऱ्यात बोटभर सिलिकॉन दाबायचं, वर अस्तर बसवायचं, की काम झालं. चारच्या पाण्याला ते सहज टिकलं असतं. कोइमतूरपर्यंतही टिकलं असतं. पुढं कधी गळलं तर हजार किलोमीटरवरून कोण विचारायला येतंय? चाळीस वर्षांचं नाव आणि भर रस्त्यात दिलेला शब्द, दोन्ही त्या एका नळीत होतं. आणि बाहेर पाइप धरून उभी असलेली पोर, जिला कळलंही नसतं.

कळलं नसतं, हेच त्यांना सोसेना. ती उद्यापासून त्यांचं बघून पत्रा खरवडायला शिकली असती.

"गळतीया," ते म्हणाले.

अकिलानं पाइप बंद केला. ती दार उघडून आत वाकली, कोपरा बघितला आणि तारेचं भेंडोळं घेऊन आली. तिनं 'मी म्हणत होते' म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"मी बोलून बसलोय," हाफिजभाई म्हणाले. "काचंला हात लावनार न्हाई म्हनून."

"शब्द मागनं पाळा, अब्बा. आधी तार धरा. मला एकटीला ही काच निघायची न्हाई."

ते खरंच होतं. काच न फोडता काढायची तर टोच्यानं गमात भोक पाडून तार ओवायची, एक टोक आत, एक टोक बाहेर, आणि दोघांनी करवतीसारखी ओढत कडेनं न्यायची. कारखान्यात अकिलानं काचा बसवल्या होत्या, काढली एकही नव्हती. आणि ही फुटली तर पुन्हा मुंबई, पुन्हा तेरा दिवस. अशा काचेला कडेवर नुसता चरा पडला तरी ती सगळीच्या सगळी खाली येते.

हाफिजभाई आत, अकिला बाहेर. तार चालू झाली. एकानं ओढायची, तेव्हा दुसऱ्यानं सैल सोडायची. वरची कड निघाली. पुढची निघाली. मागच्या वरच्या कोपऱ्यात पत्र्याला ओरखडे होते, तिथं मात्र गमानं चांगलीच पकड घेतली होती. अकिलानं जोर लावला तशी तार काचेला घासून किरकिरली.

"थांब," हाफिजभाई म्हणाले. "ताकद लावू नगंस. सैल सोड. आजून सैल. आता माझ्या हाताकडं ध्यान दे. मी वढलं की तुला तारंतनं कळतंय का?"

"कळतंय."

"मग डोळ्यानं बघू नगंस. तारंतनंच बघ."

हे तिला कुणी कारखान्यात शिकवलं नव्हतं आणि ते कारखान्यात कुणी शिकवतही नसावं. दहा मिनिटं बापलेक एका तारेच्या दोन टोकांना धरून बसले. एकमेकांची तोंडं दिसत नव्हती, पण कोण कधी ओढणार हे दोघांना कळत होतं. कोपरा सुटला. काच अख्खी अकिलाच्या हातात आली. हाफिजभाई सीटवर मागं रेलले आणि त्यांनी एवढ्या जोरात श्वास सोडला की पंक्चरवाला उठून बघायला आला.

मग अकिलानं उघड्या पत्र्यावर काळा प्रायमर लावला आणि तो वाळेपर्यंत काचेच्या कडेवरचा गम तासला. गमाची बंदूक तिनं वडलांपुढं धरली. त्यांनी ती घेतली नाही. "तूच घाल," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

हंबीरराव चारला आले तेव्हा डाव्या काचेवर परत नव्या चिकटपट्ट्या होत्या. हाफिजभाईंनी काही झाकलं नाही. काच गळली, चूक माझी, उजवी पोरीची होती आणि ती कोरडी आहे, आता दोन्ही तिच्याच पद्धतीच्या, आणि तुम्हाला आणखी एक दिवस थांबावं लागणार, एवढं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. शब्द दिलेला लक्षात आहे, हेही सांगितलं.

हंबीरराव वाकून काच बघून आले.

"हाफिजभाई, आमच्यात सोनं मुशीतनं काढलं आन् कस कमी भरला तर काय करत्यात? परत मुशीत टाकत्यात. त्याची कुनाला लाज न्हाई. न सांगता गिऱ्हाइकाच्या हातात ठिवलं, तर त्या दुकानाची पायरी परत कोन चढत न्हाई." ते खुर्चीत बसले. "तुमी गप बसला असता तर मला कळलं असतं का?"

"कळलं नसतं. पावसाळ्यात गाडीत पानी साठलं असतं, मग कळलं असतं."

"मग एक दिवस मला काय जड हाय? शिवांजलीला आजून एक दिस गावाकडं खेळायला मिळंल."

"आन् माझा शब्द?"

"तो तुमचा तुमी बघा," हंबीरराव हसून म्हणाले. "मी गिऱ्हाईक हाय, काजी न्हाई."

दुसऱ्या दिवशी पाणी मारलं. दोन्ही काचा कोरड्या. गाडी गेली, शिवांजली मागच्या तिकोनी काचेला नाक लावून दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली. अकिला बिल लिहायच्या टेबलाशी जाऊन बसली. हाफिजभाई मात्र रस्त्यात उभेच. सकाळपासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. चिकटवायच्या काचा ते गेली सहा वर्षं बसवत होते. प्रत्येक गाडीचा पत्रा त्यांनी असाच चांदीसारखा घासला होता.

ते आत आले. "पलूसच्या पद्मा मॅडमचा फोन लाव. शाळंतल्या. दोन सालाखाली त्यांची मागली काच बसवली हुती."

अकिलानं फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"मॅडम, मी हाफिज शिकलगार, विट्यासनं. एक इचारायचं हुतं. तुमच्या गाडीची मागली काच गळती का?"

मग मॅडम म्हणाल्या, "गळते थोडी. पावसाळ्यात मी डिकीत जुना टॉवेल घालून ठेवते, भागतं तेवढ्यावर. तुम्ही इतका जीव लावून बसवली होती हो काच. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही बोलले."

एकही तक्रार नाही, हे हाफिजभाईंचं वाक्य खरंच होतं. लोकांनी टॉवेल ठेवून ते खरं ठेवलं होतं.

"मॅडम, उद्या गाडी घिऊन या," ते शेवटी म्हणाले. "पैसं न्हाईत घ्यायचं. काच अकिला बसवंल, माझी पोरगी. मी तार धरायला हाय."

फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले. मग टेबलाखालून स्टूल ओढून अकिलाच्या शेजारी बसले, बिलबुकाची मागची पानं काढली आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"आता ह्यांना लाव," ते म्हणाले.