गाडीतला डबा

चौदा वर्षांच्या ठकीला दुपारचं जेवू घालायचं काम तिच्या बाबांकडे होतं. ते लिफ्ट दुरुस्त करायचे आणि कंपनीची गाडी त्यांच्या ताब्यात असायची. आई दातांच्या दवाखान्यात नोकरीला, तिला दुपारी जागचं हलता यायचं नाही. सकाळ-संध्याकाळचं ती बघायची.

ठकीने वर्षभरात खाणं इतकं तोडलं होतं की तिला शाळेचे जिने चढवेनात. समुपदेशक बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भरती करायची वेळ अजून आलेली नाही, पण घरालाच वॉर्ड समजा. काय आणि किती खायचं ते सध्या आईबाबांनी ठरवायचं, समोर बसून खाऊ घालायचं. वाद घालायचा नाही आणि मागेही हटायचं नाही.

ऐकायला सोपं होतं. साडेबाराला शाळेच्या फाटकाबाहेर गाडी लागायची. मागे वायरींची भेंडोळी, ग्रीसचे डबे; पुढे ठकी, मांडीवर डबा. चीज सँडविच, केळं, बाटलीभर दूध. ती ब्रेडचा कोपरा कुस्करत बसायची, चीज हळूच रुमालात जायचं. बाबा ते बाहेर काढून परत डब्यात ठेवायचे. पाच मजल्यांची लिफ्ट एकट्याने उघडून जोडणारा माणूस एका सँडविचपुढे हात टेकायचा.

त्यात फोन यायचे. कुठेतरी लिफ्ट अडकलेली असायची.

"बाबा, तू जा ना. लोक अडकलेत. मी संपवते, शप्पथ."

पंधरा दिवसांत तीनदा ते गेले. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटून गेले.

गुरुवारी बाईंच्या खोलीत ठकीचं वजन झालं. आकडा तिला दिसू नये म्हणून काट्याकडे पाठ करून ती उभी राहिली आणि मग बाहेर जाऊन बसली. चारशे ग्रॅम कमी भरलं होतं. बाबांनी मान खाली घालून शपथांचं सांगितलं.

आईचा चेहरा उतरला. "मी सकाळी एकेका घासासाठी तासभर झगडते. आणि तू शपथेवर सोडून येतोस?"

बाई रागावल्या नाहीत. उद्यापासून तुम्ही दोघं काय करणार, एवढंच त्यांनी विचारलं. त्यावर बाबाच उखडले. उपाय विचारायला यावं तर इथे उलट आपल्यालाच प्रश्न, तुम्हीच काय ते सांगा, असं म्हणाले.

"तुमचं काम मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पण शपथ ठकीने मनापासून घेतली असेल, तरी ती पाळायची ताकद आत्ता तिच्यात नाही."

दुसऱ्या दिवशी बाबांनी साहेबांकडे दुपारचा एक तास मागितला. घरसंसार सगळ्यांनाच असतो, असं उत्तर मिळालं.

मंगळवारी पुन्हा फोन आला. एक आजी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. ठकीचा हात दाराकडे गेला. बाबांनी गाडी सुरू केली, शाळेत फोन करून कळवलं आणि तिला घेऊनच निघाले.

त्या इमारतीत लिफ्टचं मशीन गच्चीवरच्या खोलीत होतं. ठकीला त्यांनी डबा देऊन दारातल्या पायरीवर बसवलं. हाताने चाक फिरवून लिफ्ट मजल्याला आणली, खाली वॉचमनने दार उघडलं, आजी सुखरूप बाहेर आली. मग फडक्याला हात पुसून बाबा ठकीच्या खालच्या पायरीवर बसले.

"इथे ग्रीसचा वास येतोय. इथे कोण जेवतं?"

"मी. वीस वर्षं."

तिने बाटलीतलं दूध पायरीवर ओतून टाकलं. बाबांच्या डोक्यात तिडीक गेली. उठून जिना उतरावा आणि सरळ चालू पडावं असं वाटलं. त्यांनी वॉचमनला फोन करून दुधाची पिशवी मागवली.

"आणि नाही खाल्लं तर?" ती रडत म्हणाली.

"तर बसू इथेच. मला आज दुसरं काम नाही."

खिशात फोन थरथरत होता. दोन वाजून दहा मिनिटांनी तिने शेवटचा घास गिळला आणि बाबांकडे न बघता खाली निघाली.

कामाचे फोन न उचलल्याचा बाबांना मेमो मिळाला. त्यांनी वर्कशॉपमध्ये बदली मागून घेतली. बैठं काम, त्यांना मुळीच न आवडणारं, पण जेवणाची सुट्टी ठरलेली.

गुरुवारी वजन दोनशे ग्रॅम वाढलं होतं. म्हणजे गेलेलंसुद्धा पुरतं भरून आलं नव्हतं. अजून महिने लागतील, बाई म्हणाल्या. किती, ते सांगायला तयार नव्हत्या.

घरी जाताना रिक्षात ठकीने वजनाचा आकडा विचारला. बाबांनी आईकडे बघितलं. आईने नकारार्थी मान हलवली. बाबांनीही सांगितलं नाही.

"आधी तू तरी माझ्या बाजूने होतास, बाबा. आता तुम्ही दोघं एक झालात."

"हो," आई म्हणाली, आणि थकून डोळे मिटून घेतले.