जळलं तेवढं भरलं

बगळा हे नाव त्याला गोदीने दिलं होतं, आणि तेव्हा ते शोभायचंही. लांब मान, काटकुळे पाय आणि दिवसभर क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये उंचावर एकटाच बसलेला. निवृत्त झाल्यावर मान खांद्यात गेली, पोट पुढे आलं आणि नाव तेवढं चिकटून राहिलं. जुने सोबती रस्त्यात भेटले की म्हणायचे, "काय रे, बगळ्याचं बदक झालं की!" तो हसायचा, घरी येऊन आरशात बघायचा आणि मग जेवायला बसायचा.

वर्षाच्या सुरुवातीला कळलं की त्याची जुनी क्रेन आता उतरवणार. तो तडक गोदीच्या ऑफिसात गेला आणि म्हणाला, मला एकदा वर जाऊन बसू द्या, बाकी काही मागत नाही. सेफ्टी ऑफिसर एक चष्मेवाली तरुण मुलगी होती. तिने नाही म्हटलं नाही. फक्त सांगितलं, की आता पट्टा बांधल्याशिवाय कुणी चढायचं नाही आणि पट्टा शंभर किलोच्या वर चालत नाही.

"तुमचं वजन किती, काका?"

"असेल शंभरच्या आसपास."

'आसपास' या शब्दाने आजवर पुष्कळांची अब्रू वाचवली आहे, पण काट्यापुढे त्याचं काही चालत नाही. काट्याने एकशे अकरा दाखवले. "क्रेन उतरवायला तीन महिने आहेत," मुलगी म्हणाली. "आदल्या दिवशी या. काटा इथेच असेल."

लोकांना वाटलं, म्हाताऱ्याची हौस. पण त्याचं सगळं तरुणपण त्या केबिनमध्ये गेलं होतं. जेवायला खाली उतरायचं तर अर्धी सुट्टी शिडीवरच संपायची, म्हणून तो खिडकीतून दोरी सोडायचा. क्रेनच्या पायथ्याशी पत्र्याचं कॅन्टीन होतं. तिथली एक मुलगी बाहेर येऊन दोरीला डबा बांधायची आणि डबा वर पोचेपर्यंत मान वर करून उभी राहायची. पुढे तीच त्याची बायको झाली. दोरी तीच राहिली आणि भांडणही तेच.

"किती सावकाश ओढता हो! गोगलगाय बरी. माझी मान अवघडते खाली."

"रस्सा सांडतो," तो म्हणायचा.

"माझ्या डब्याचं झाकण इतकं घट्ट असतं, की तुम्हालाच उघडत नाही. म्हणे रस्सा सांडतो!"

रस्सा कधी सांडला नव्हता. डबा वर पोचला की ती पत्र्याखाली जायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दिसायची नाही, म्हणून तो सावकाश ओढायचा. लग्नाआधी हे सांगायचा धीर झाला नाही. लग्नानंतर, रोज घरात दिसणाऱ्या बायकोला असलं काही कोण सांगतं?

तर दोघं रोज सकाळी चालायला लागली. घरापासून बंदराच्या भिंतीपर्यंत आणि परत. परगावी राहणाऱ्या लेकीने त्याच्यासाठी मनगटावरचं घड्याळ पाठवलं. किती चाललात, किती कॅलरी जळल्या, सगळं ते सांगायचं. बगळ्याने त्यातून आपला कायदा काढला. परतीच्या वाटेवर एक बेकरी होती. घड्याळ म्हणालं तीनशे जळल्या, की तो तिथल्या बाकावर बसून तीनशेचा लोणी-पाव खायचा. कमी नाही, जास्त नाही. फार प्रामाणिक माणूस! वजन मात्र जागचं हलेना.

लेकीने फोनवर त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "बाबा, ते घड्याळ फुशारक्या मारतं. सांगेल त्याच्या निम्मं खरं धरा. आणि तुम्ही लोणी किती थापता, ते त्याला कुठे कळतं?"

"मग उपाशी मरू?"

"उपाशी कोण म्हणालं? फारच भूक लागली तर थोडं खा. पण जळलं तेवढं सगळं परत भरलंत, तर उतरणार काय?"

"अगं, तोल नको का राखायला? क्रेनने पुढे वजन उचललं की मागे तेवढा ठोकळा लागतो. नाहीतर क्रेन पालथी होते."

"बाबा, या वेळी तोल बिघडवायचाच आहे!"

त्याला ते पटलं, पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बाकावर होता. तोलाबिलाची गोष्ट ही नुसती सबब होती. चालून आल्यावर पाय ठणकायचे, अगदी शिडी चढल्यावर ठणकायचे तसे, आणि मग भूक लागायची. गेली कित्येक वर्षं तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून जेवत होता. भुकेने जेवला नव्हता. ही भूक त्याच्या ओळखीची होती. पहिला घास तोंडात गेला की तो डोळे मिटायचा, आणि पुन्हा तिशीच्या आतला, खाली जहाजं, समोर पाणी, मांडीवर उघडा डबा. त्या भुकेला नाही म्हणायचं म्हणजे केबिनचं दार आपल्याच हाताने लावून घ्यायचं. त्याच्याने ते होत नव्हतं.

बायको तेवढंच चालायची आणि शेजारी बसून बिनसाखरेचा चहा प्यायची. "तू पण खा की," तो म्हणायचा. "घरी जाऊन जेवायचंच आहे," ती म्हणायची. तिचं वजन कुणी करत नव्हतं, तिने स्वतःही केलं नाही.

शेवटच्या महिन्यात त्याचे डोळे उघडले आणि गडी दुसऱ्या टोकाला गेला. पाव बंद, दुपारचं जेवण बंद. वजन भराभर उतरायला लागलं, आणि एके सकाळी भिंतीजवळ त्याला चक्कर आली. बायकोने त्याला कठड्यावर बसवलं, पळत जाऊन पाव आणला आणि अर्धा त्याच्या हातात कोंबला.

"पोरीने सगळं भरू नका म्हटलं होतं, काहीच खाऊ नका असं नाही. पाय लटपटायला लागले तर शिडी कोण चढणार, तुमचा बाप?"

"माझा बाप उंचीला घाबरायचा," तो पाव चावत म्हणाला. तिला हसू आलं, मग रडूही आलं.

ठरल्या दिवशी काट्याने एकशे एक आणि वर थोडं दाखवलं. त्याने बूट काढले, कमरेचा पट्टा काढला, शेवटी घड्याळही काढून टेबलावर ठेवलं. एकशे एक. तो शर्टाच्या गुंड्यांना हात घालायला लागला तेव्हा ऑफिसर मुलगी कळवळून म्हणाली, "काका, नका."

"एका किलोने काय होतंय, पोरी?"

"तुम्ही आयुष्यभर क्रेन चालवलीत. एका किलोने काय होतं, ते तुम्हीच सांगा."

त्याने गुंड्यांवरचा हात काढला. मुकादम हातापाया पडत असतानाही त्याने मर्यादेबाहेरचा माल कधी उचलला नव्हता. आता काय सांगणार? त्याने काचेतून क्रेनकडे बघितलं. उद्या या वेळी ती नसेल.

"मग हिला पाठवा," तो म्हणाला. "इतकी वर्षं खाली उभी राहिली. वर काय असतं ते तिने पाहिलेलंच नाही."

"वेड लागलंय का तुम्हाला?" बायको म्हणाली. पण ती बोलता बोलताच काट्यावर चढली होती. काटा शंभराच्या कितीतरी अलीकडेच थांबला. तिने क्रेनकडे बघितलं, मग नवऱ्याच्या अनवाणी पायांकडे, आणि हातातली पिशवी त्याला दिली.

"डबा आहे. दोन पाव आहेत. वर चढून तुम्हाला भूक लागली असती."

पुढे एक कामगार, मागे एक कामगार आणि मध्ये पट्टा बांधलेली बायको. ती एकेक पायरी चढत गेली आणि तो पायथ्याशी जीव मुठीत धरून बघत राहिला. कॅन्टीनचं पत्र्याचं छप्पर केव्हाच गेलं होतं. ती उभी राहायची तिथेच तो आता उभा होता. खूप वेळाने केबिनची खिडकी सरकली आणि तिचं डोकं बाहेर आलं, अंगठ्याएवढं.

"काय दिसतंय?" तो ओरडला.

ती बंदराकडे, पाण्याकडे बघतच नव्हती. ती सरळ खाली बघत होती. मग तिने मागे वळून कामगाराला काहीतरी सांगितलं आणि खिडकीतून एक दोरी सुटली, हलत हलत त्याच्या पायाशी आली. त्याने डब्याला गाठ मारली आणि हाक दिली, "ओढ!"

डबा उचलला गेला. वीतभर. मग थांबला. मग आणखी वीतभर.

"अगं, भराभर ओढ की! मान अवघडली माझी!"

वरून तिचा आवाज आला, भरून आलेला.

"रस्सा सांडतो!"

डब्यात दोन कोरडे पाव होते. डबा सावकाश वर जात राहिला, आणि तो मान वर करून उभा राहिला.